अक्षता पडेपर्यंत

अमरावती, ११ नोव्हेंबर १९३६

चि. वसंतास आशीर्वाद.

आई पोचली. गाडी बडनेऱ्याला अर्धा तास उशिरा आली, पण पार्सल ऑफिसातल्या चंद्रभानजींनी तिला उतरवून घेतलं आणि अमरावतीच्या गाडीत बसवून दिलं. तुझ्या तांदळाचं पोतंही त्यांनीच चढवलं.

पोत्याचं मला ठाऊक नव्हतं. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आईनं लेकीकडे यावं आणि सोबत तांदूळ, डाळ, पीठ, स्वतःची शेगडी आणावी, हे पाहून शेजारच्या बाया हसल्या. आईनं दारातच सांगून टाकलं, "पोरीले लेकरू झाल्याबिगर तिच्या घरी जेवत नसतात. तुले झालं नाही, त्याले मी काय करू? पाणी घेईन. बाकी वसंताचं खाईन." माझ्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. यांनी ऐकलं आणि कोट घालून कोर्टात गेले.

ती मागच्या पडवीत शेगडी पेटवते. दिसत नाही, तरी पेटवते. मी जवळ उभी राहते. पातेल्याला हात लावू देत नाही.

वलगावची गंगूबाई भाजी घेऊन येते. आज तिनं विचारलं, "आजी, लेकीच्या घरात येगळी चूल कावून?"

आई म्हणाली, "तू वांगे तोल."

ऑपरेशन सोमवारी. कौशल्याचा ताप कसा आहे?

कुंदा

अकोला, २० नोव्हेंबर १९३६

सौ. ताईस नमस्कार.

ऑपरेशन नीट झाल्याचं कार्ड मिळालं. कौशल्याला संध्याकाळचा ताप अजून येतो. छातीत पाणी झालं होतं ते काढलं. डॉक्टर म्हणतात, सहा महिने अंथरुणातून उठायचं नाही. घर दोन खोल्यांचं. एका खोलीत ती खोकते, दुसरीत आमची चारू माझ्या वर्गाच्या वह्या तपासते, कारण मला वेळ होत नाही. आईला आणून कुठं ठेवू? पट्टी सुटल्यावरही ती तुझ्याकडेच राहू दे. तांदूळ दर महिन्याला पाठवीन.

शेगडीचं मनाला लावून घेऊ नकोस. जुनी माणसं आहेत.

वाशीमच्या लोकांनी नकार कळवला. चारूचं हे तिसरं स्थळ. पत्रिका जुळत नाही असं लिहिलं आहे. पाहायला आले तेव्हा पत्रिका जुळत होती. तिच्या तोंडावरचे देवीचे वण त्यांनी त्यानंतर पाहिले. तिला विसावं लागलं. नकाराचं पत्र तिनंच मला वाचून दाखवलं, वर्गात धडा वाचतात तसं, एकही शब्द न गाळता.

वसंत

अमरावती, ९ फेब्रुवारी १९३७

चि. वसंतास आशीर्वाद.

आईला चष्मा मिळाला. भिंगं जाड आहेत. घातल्यावर ती पहिल्यांदा माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "तू म्हातारी झाली वं."

यांना दोन दिवस सुट्टी होती. डॉक्टरांनी हवापालट सांगितला होता, म्हणून मोटार ठरवून आम्ही तिला चिखलदऱ्याला नेलं. परतवाड्यापुढे घाट लागला तसे तिनं डोळे मिटले. मी म्हटलं, "आता दिसतंय तर बघ की." ती म्हणाली, "इतक्या वरून देव पाह्यते. मले सवय नाही."

वर गेल्यावर मात्र कड्याशी जाऊन उभी राहिली. यांनी पदर धरून ठेवला होता. "येवढं खोल कावून केलं असन?" म्हणाली. मग यांनी दरीत हाक मारून दाखवली. हाक परत आली. आईला फार मजा वाटली. तिनं "वसंता!" अशी हाक मारली. ती परत आली तशी टाळी वाजवून हसली. तीनदा मारली. मग म्हणाली, "हा बी तसाच. ओ देते, येत नाही."

रागावू नकोस. हसतच म्हणाली.

डाकबंगल्यात तिनं आमच्या डब्यातली पुरी खाल्ली. खाऊन झाल्यावर विचारलं, "पीठ कोणाचं?" यांनी सांगितलं, "तुमच्या वसंताचं." ते आमचं होतं. यांना खोटं बोलताना मी कोर्टाबाहेर पहिल्यांदा पाहिलं.

कुंदा

अकोला, १ मार्च १९३७

सौ. ताईस नमस्कार.

चारूचं जमलं. खामगावचं स्थळ. मुलगा जिनिंगच्या कारखान्यात कारकून आहे. पहिली बायको बाळंतपणात गेली, मूल राहिलं नाही. वय पस्तीस. मी चारूला दोनदा विचारलं. ती म्हणाली, "माझ्याकडे पाहून ते खाली बघायला लागले नाहीत, बाबा. बोलतच राहिले." तेवढ्यावर तिनं होकार दिला.

तिथी २ जूनची. मुलाचे वडील धार्मिक आहेत आणि घाईत आहेत. पुढे चातुर्मास. पुढच्या सालावर ढकललं तर थांबणार नाहीत, त्यांना दुसरं सांगून आलेलं आहे, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. मला असा स्वच्छ बोलणारा माणूस आवडतो, असं मी त्यांना म्हणालो. तेव्हा आणखी काय म्हणणार?

कौशल्या बसून जेवते. आईला सांग.

वसंत

अमरावती, ३० मार्च १९३७

चि. वसंतास आशीर्वाद.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई शेगडीपाशीच कलंडली. उजवा हात, उजवा पाय गेला. तोंड वाकडं झालं आहे. बोलते ते मला कळतं, यांना कळत नाही. डॉक्टर म्हणाले, असंच महिनोन् महिने चालेल. मात्र दुसरा झटका आला तर तो शेवटचा.

आता मी भरवते. कोणाचा भात म्हणून विचारत नाही.

तुझं नाव घेते. येऊन जा.

कुंदा

अकोला, ८ एप्रिल १९३७

सौ. ताईस नमस्कार.

सुखरूप पोचलो. दोन दिवस तुझ्याकडे होतो, पण डोळ्यांपुढे एकच राहिलं आहे. आईच्या डाव्या हातात इतकी शक्ती असेल असं वाटलं नव्हतं. गाडीची वेळ झाली तेव्हा मोरोपंत भावोजींना तिचं एकेक बोट सोडवावं लागलं. मी सोडवू शकलो नाही.

तू जे करते आहेस त्याला तोड नाही. मुलगा असून मला जमत नाही.

एक गोष्ट उपाध्यांना विचारून ठेवली. घरात देवक बसलं की मग सुतकाची बाधा नाही, कार्य पार पडतं. देवक १ तारखेला बसेल. त्याआधी काही झालं आणि मला कळलं, तर दहा दिवसांचं सुतक. शिवाय आईबाप गेले त्या घरात वर्षभर मंगलकार्य नको, असं मानणारे खामगावकर आहेत. सुतक कळल्यापासून धरतात, हेही उपाध्यांनी सांगितलं.

मी काही सुचवत नाही. माहिती असावी म्हणून लिहिलं.

वसंत

अकोला, १९ मे १९३७

सौ. ताईस नमस्कार.

पाहुणे येऊ लागले. कौशल्या खाटेवर बसून हुकूम सोडते. ती आजारी होती हे तिच्या माहेरच्या कोणाला खरं वाटत नाही. पोस्टमननं दिलेलं पत्र जो पुढे असेल तो फोडतो. तेव्हा साध्यासुध्या कारणासाठी तार करू नकोस.

तू यावंस असं फार वाटतं. पण आईजवळ कोण बसणार? आईचा आशीर्वाद मात्र लिहून पाठव. चारू रोज विचारते, आजी काय म्हणाली.

वसंत

अमरावती, २९ मे १९३७

चि. वसंतास आशीर्वाद.

आईचं आहे तसंच आहे. पेज घेते. काल तुझं तांदळाचं पोतं आलं, या खेपेला आठवडाभर आधीच. मी मूठभर काढून तिला दाखवले. हसली.

चारूसाठी तिनं सांगितलं आहे: "सुखानं नांद. नवऱ्याचं ऐक. सगळंच नको ऐकू." हे जसंच्या तसं वाचून दाखव.

मी येत नाही. हेही येत नाहीत. आईला उचलायला दोघं लागतात. तुम्ही मागे वळून न पाहता कार्य पार पाडा.

कुंदा

अकोला, ६ जून १९३७

सौ. ताईस नमस्कार.

पार पडलं. दोन तारखेला अकरा वाजून काही मिनिटांनी चारूवर अक्षता पडल्या. मंडपात असा उकाडा होता की उपाध्ये मंगलाष्टक म्हणताना मध्ये थांबून पाणी प्यायले. त्यांच्या हाती पंचपात्री म्हणून कोणी मठ्ठ्याचं भांडं दिलं, त्यावर सगळा मांडव हसला. नवरदेवसुद्धा. हसताना तो चारूकडे बघत होता.

विहिणीची पंगत दोन तास चालली. श्रीखंडात केशर कमी आहे असं त्यांच्या एका मावशीनं म्हटलं. कौशल्या खाटेवरून ओरडली, "वाटी रिकामी करून मग सांगावं." मला वाटलं आता मोडतंय. पण व्याही म्हणाले, "बरोबर बोलल्या." वाजंत्रीवाले मूर्तिजापूरचे होते. वरात निघाल्यावर माझ्या वर्गातली मुलं पुढे नाचत होती. हेडमास्तरही पाहत होते.

आजीचा आशीर्वाद मी वाचून दाखवला. चारूनं तो कागद मागून घेतला.

आईसाठी लाडू पाठवत आहे. कुस्करून दे.

वसंत

अमरावती, ७ जून १९३७

वसंता,

कोपरा फाडलेला आहे. कार्ड घरात नेऊ नकोस.

आई सोमवारी, २४ मे रोजी दुपारी दोन वाजता गेली. दुसरा झटका शनिवारी पहाटे आला होता. अग्नी यांनी दिला. क्रियाही यांनीच केली.

तुला कळवलं नाही, ते तिच्याच सांगण्यावरून. ती म्हणाली, "चारूवर अक्षता पडू दे. तोवर वसंताला कळवू नका. माझं काय, मी समाधानी आहे."

तू जे करायचं ते आता कर.

कुंदा

अकोला, २० जून १९३७

ताई,

दहा दिवस संपले. आज लिहायला बसलो.

चौदा दिवस तू माझ्यापासून माझी आई लपवलीस. मेलेल्या आईनं पेज घेतली असं लिहिलंस. इथे मी पंगतीत वाढत होतो, वरातीत हसत होतो. गावात भेटेल तो विचारतो, अग्नी कोणी दिला? जावयानं, असं मला सांगावं लागतं. आईला मुलगा नव्हता का, असं विचारत नाहीत. चेहऱ्यावर दिसतं.

आई तसं म्हणाली असेल. आई म्हणणारच. पण आईनं म्हटलं म्हणून तू ऐकायचं? एक तार करायची होतीस. यायचं की नाही ते मी ठरवलं असतं. तो हक्क माझा होता. तुला मूल नाही. आईच तुझं मूल होऊन तुझ्या अंथरुणात पडली होती, आणि शेवटी ती तुला कोणाला द्यावीशी वाटली नाही. असं कौशल्या म्हणते. मी तिला गप्प केलं, पण मला तिचं म्हणणं खोटं ठरवता आलं नाही.

वसंत

अमरावती, २९ जून १९३७

चि. वसंता,

तुझं पत्र यांना दाखवलं नाही.

रविवारी चंद्रभानजी समाचाराला आले होते. त्यांना चहा दिला. बसले, आईचं बोलले. मग म्हणाले, "मास्तरांचं लय वाईट वाटलं बाई. सव्वीस तारखेले बडनेऱ्याच्या बाकड्यावर बसून होते. मी सांगाले गेलो तं हात वर केला. बोलूच देल्लं नाही. अमरावतीची गाडी निघून गेली, तरी बसूनच. मंग परतीच्या गाडीत चढले."

मी विचारलं, "कोणते मास्तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. म्हणाले, "मले वाटलं तुमाले ठाऊक असन."

मला ठाऊक नव्हतं. आता तू लिही.

कुंदा

अकोला, ८ जुलै १९३७

सौ. ताईस नमस्कार.

चंद्रभानजी खोटं बोलत नाहीत.

आठ दिवस तुझं कार्ड नव्हतं. शाळेला सुट्टी होती. कौशल्याला वाजंत्रीवाल्यांकडे जातो सांगून सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. तुझ्या घरी यायला निघालो होतो, हे खरं मान. बडनेऱ्याला उतरलो. चंद्रभानजी समोरून आले. त्यांनी मला पाहिलं आणि टोपी काढली. त्यांना टोपी काढताना मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "मास्तर, काय सांगू आता..." मी म्हटलं, "सांगू नका. माझ्या घरी दोन तारखेला लग्न आहे." ते उभे राहिले. मग चहा आणून बाकावर ठेवला आणि निघून गेले.

कानांनी ऐकलं नाही, म्हणजे कळलं नाही. मी तसं धरलं. गाडी समोर उभी होती. अर्ध्या तासात तुझ्या दाराशी आलो असतो. आईला जाऊन दोन दिवस झाले होते हे माहीत नव्हतं. कदाचित अजून नेलं नसेल, असंही मनात आलं होतं. तरी उठलो नाही. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी तांदूळ पाठवला. पाठवला नसता तर तू ओळखलं असतंस.

वीस जूनचं पत्र मी का लिहिलं ते मला सांगता येणार नाही. गावात रागावलेला मुलगा दिसायला हवा होता. रोज तसा वागलो, मग पत्रातही तसाच उतरलो. तुझ्या मूल नसण्याबद्दल लिहिलं ते कौशल्या म्हणाली नव्हती. मीच लिहिलं.

एका गोष्टीवर मी उभा आहे. आई स्वतःच म्हणाली की कळवू नका. तुझ्या त्या कार्डातलं वाक्य मी कापून ठेवलं आहे. कार्ड घरात ठेवत नाहीत हे मला माहीत आहे. ते वाक्य नसतं तर मी चारूच्या तोंडाकडे पाहू शकलो नसतो.

वसंत

अमरावती, २६ ऑगस्ट १९३७

चि. वसंता,

दीड महिना मी हे पत्र लिहीत नव्हते. न लिहिता निभलं असतं, पण आता निभत नाही.

ते वाक्य माझं आहे. "मी समाधानी आहे" असं आई जन्मात कधी बोलली होती का? तू मास्तर आहेस. तुझ्या वर्गातल्या मुलानं असं लिहून आणलं असतं तर तू विचारलं असतंस, कोणाचं पाहून लिहिलं.

शनिवारी झटका आला, पण दुपारपर्यंत तिची शुद्ध पुरती होती. तिला पुढचं समजलं होतं. म्हणाली, "वसंताले बोलाव." मी म्हटलं, लग्न दहा दिवसांवर आलं. म्हणाली, "मंग लगन पुढच्या साली करा. चारू कुठी पयून चालली? मले माह्या पोराच्या मांडीवर मरू दे." हे स्पष्ट बोलली. यांनाही कळलं. यांनी तारेचा मजकूर लिहिला आणि चपला घातल्या. मी कागद हातातून काढून घेतला.

आई बघत होती. मी तिला म्हटलं, नाही. चारू अजून एक नकार वाचून दाखवणार नाही. एवढंच. समजावलं नाही, रडले नाही. ती म्हणाली, "तुले लेकरू नाही, तुले काय समजते?" त्यानंतर सोमवारपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. कोणी दारात आलं की डोळे उघडायची. तू नाहीस हे दिसलं की मिटायची. यांना, गंगूबाईला, डॉक्टरला, सगळ्यांना तिनं तसं पाहिलं.

तू बडनेऱ्याला बसलास ते मी तुला माफ केलं असतं. चारूसाठी मी जे केलं तेच तू केलंस. पण मी ते तिच्या समोर उभं राहून केलं, आणि तुला ते करूनही न केल्यासारखं हवं होतं. तुझ्या सुतकाच्या पत्रातच ते दिसत होतं, म्हणून तुला एक वाक्य करून दिलं. तू त्यावर उभा राहिलास आणि तिथून मला बोललास.

आता चारूचं पत्र आलं आहे. महालक्ष्म्यांना ती दोन दिवस इकडे येते. बरं चाललं आहे तिचं. लिहिते, आजी शेवटी काय म्हणाली ते आत्या, तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. ती समोर बसून विचारील.

आईच्या नावावर मी दोनदा लिहिलं. आता मला सुचत नाही. या खेपेला तू लिही आणि उलट टपाली पाठव.

कुंदा